चौदाव्या लुईचं भगंदर, १६८६: न्हाव्यांच्या संघातल्या सर्जनची एक केस

युरोपात कित्येक शतकं न्हावीच सर्जन होते एवढं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, वस्तरा, रक्त काढणं, दुकानाबाहेरचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब वगैरे, आणि माहिती तिथेच थांबते. पण त्या व्यवस्थेत प्रत्यक्ष काम कसं चालायचं, निर्णय कोण घ्यायचं, हात कुणाचा आणि हुकूम कुणाचा, हे समजायचं असेल तर एकच केस नीट धरून बघावी असं मला वाटतं. म्हणून इथे एकच केस मांडतोय, पहिल्या गाठीपासून ते कुणाला किती पैसे मिळाले इथपर्यंत. पेशंट फ्रान्सचा राजा चौदावा लुई, वय ४८, आजार भगंदर, वर्ष १६८६. ही केस निवडायचं कारण म्हणजे हिच्या नोंदी भरपूर आहेत. राजाच्या तब्येतीची वही त्याचे मुख्य फिजिशियन वर्षानुवर्षं लिहीत होते, दरबारातला दांजो रोजनिशी लिहायचा, आणि पिएर दिओनिस नावाच्या त्या काळच्या मोठ्या सर्जनने पुढे १७०७ साली आपल्या ऑपरेशनांच्या पुस्तकात हे सगळं प्रकरण सविस्तर लिहून ठेवलं.

आधी थोडी पार्श्वभूमी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मध्ययुगात युरोपात शिकलेली माणसं म्हणजे बहुतेक चर्चची माणसं. १२१५ साली लॅटरनच्या चौथ्या धर्मपरिषदेने पाद्र्यांना चिरफाड आणि डाग देण्याची कामं करायला मनाई केली. विद्यापीठातून शिकून आलेला फिजिशियन तसाही हात घाण करायचा नाही, तो लॅटिनमधून गेलन या प्राचीन वैद्याचे ग्रंथ वाचायचा, लघवीची बाटली उजेडात धरून बघायचा, नाडी बघायचा आणि सल्ला द्यायचा. मग गळू फोडणं, दात काढणं, हाड बसवणं, जखम बांधणं, शीर कापून रक्त काढणं ही सगळी कामं ज्याच्या हातात आधीच धारदार वस्तरा होता आणि ज्याच्याकडे लोक तसेही रोज जात होते त्याच्याकडे गेली. आपल्याकडेही हे काही वेगळं नव्हतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी ही म्हण आपण सहज वापरतो, कारण तुंबड्या लावणं हे गावातल्या न्हाव्याचं नेहमीचं काम होतं. फरक एवढाच की युरोपातल्या शहरांमध्ये या कामाचे संघ होते, परीक्षा होत्या, नियम होते आणि त्या नियमांवरून दोन-दोनशे वर्षं चाललेले कोर्टकज्जे होते.

पॅरिसमध्ये तर तीन थर होते. वर विद्यापीठातल्या फिजिशियन लोकांची फॅकल्टी. मधे सेंट कोम या संतांच्या नावाने चालणारा सर्जन लोकांचा छोटा संघ, हे लांब झगा घालायचे आणि स्वतःला न्हाव्यांपेक्षा वरचे समजायचे. आणि खाली न्हावी-सर्जन, जे संख्येने खूप जास्त आणि सामान्य माणूस ज्यांच्याकडे खरोखर जायचा ते. फॅकल्टी न्हाव्यांना मुद्दाम हाताशी धरायची, त्यांना अ‍ॅनाटॉमी शिकवायची, म्हणजे सेंट कोमवाल्यांचं डोकं वर निघू नये. हा खेळ चालत चालत १६५५ साली सेंट कोमच्या सर्जननी शेवटी न्हाव्यांच्या संघाशी करार करून एकत्र व्हायचं ठरवलं, पुढच्या वर्षी राजाचं फर्मानही मिळालं, आणि फॅकल्टीने लगेच दावा लावला की आता तुम्ही न्हावीच झालात तर तुमचे मानपान बंद. १६६० मध्ये पॅरिसच्या पार्लमेंट नावाच्या कोर्टाने फॅकल्टीच्या बाजूने निकाल दिला. सर्जनना झगा नाही, डिग्री नाही, जाहीर व्याख्यानं नाहीत, आणि सगळ्यांनी फॅकल्टीच्या हाताखाली राहायचं.

म्हणजे १६८६ मध्ये पॅरिसमधला उत्तमातला उत्तम सर्जनसुद्धा कायद्याच्या दृष्टीने न्हाव्यांच्याच संघातला माणूस होता. दाढी-केसांचा धंदा तेव्हा हळूहळू वेगळा होत होता, १६७३ मध्ये न्हावी आणि विग बनवणारे यांचा स्वतंत्र संघ निघाला, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला कळावं म्हणून विगवाल्यांच्या दुकानावर पांढऱ्या धातूची तसराळी टांगायची आणि सर्जनच्या दुकानावर पिवळी, पितळेची. वस्तरा दोघांकडेही, फक्त आत गेल्यावर काय मिळणार ते वेगळं.

आता केस.

राजाचा मुख्य फिजिशियन होता आंत्वान दाकँ. मुख्य सर्जन होता शार्ल-फ्रांस्वा फेलिक्स, त्याचा बापही राजाचा मुख्य सर्जन होता. पदांची नावं सारखी वाटली तरी बरोबरी अजिबात नव्हती, दाकँने हुकूम द्यायचा आणि फेलिक्सने तो पाळायचा. राजा आधीच बऱ्याच उपचारांतून गेलेला होता. वर्षभरापूर्वीच त्याच्या वरच्या जबड्याचे दात काढताना हाड गेलं होतं, तिथे भोक पडून प्यायलेलं पाणी नाकातून येत होतं, आणि ते बंद करायला त्याच्या तोंडात तापलेल्या लोखंडाने डाग दिले होते. हे सांगायचं कारण, पुढे ऑपरेशनच्या वेळी राजा किती शांत होता याचं दरबारी लोकांनी फार कौतुक लिहिलंय, आणि ते खरंही असेल, पण हा माणूस त्याआधी काय काय सोसून बसला होता तेही बघायला पाहिजे.

१६८६ च्या जानेवारीत राजाने गुदद्वाराजवळ एक छोटी गाठ दाखवली. दुखत नव्हती फारशी. मग ती वाढली, लाल झाली, बसणं अवघड, घोड्यावर बसणं तर बंदच. साधं गळू. फेलिक्ससारख्या माणसाने अशी शेकडो गळवं बघितली असतील, वेळेत नस्तर लावून पू मोकळा करायचा ही त्याच्या धंद्यातली रोजची गोष्ट. पण वरून हुकूम आले लेपांचे आणि पोटिसांचे, आणि फेब्रुवारीत शेवटी गळू उघडलं तेही कापून उघडलं नाही, जाळणारं औषध लावून उघडलं. तोवर आतल्या बाजूने पूने आपली वाट काढली होती. वसंतापर्यंत स्पष्ट झालं की आता हे गळू राहिलेलं नाही, भगंदर झालंय.

भगंदर म्हणजे काय ते आपल्याकडे वेगळं सांगायची गरज नसते, कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर मूळव्याध-भगंदर-फिशरची पाटी असतेच. तरी थोडक्यात सांगतो. गुदमार्गाच्या आत छोट्या ग्रंथी असतात, तिथे इन्फेक्शन होतं, पू साठतो, तो बाजूच्या मांसातून वाट काढत बाहेर कातडीला फुटतो, आणि मग आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत एक बोगदा तयार होतो. आतून घाण येत राहते म्हणून तो बोगदा आपोआप बुजत नाही. वरून कितीही लेप लावा, बाहेरचं तोंड मिटतं आणि आत पुन्हा पू होतो. उपाय जुनेच आहेत, एक म्हणजे बोगद्यातून दोरा ओवून हळूहळू कापत आणायचं, दुसरं म्हणजे बोगदा पूर्ण उघडा करून तळापासून भरू द्यायचं. सुश्रुतसंहितेत भगंदरावर शस्त्रकर्मही आहे आणि नाडीव्रणासाठी, म्हणजे आत बोगदा झालेल्या जखमेसाठी, क्षार लावलेला दोराही आहे, त्याच क्षारसूत्राने आजही आपल्याकडे आयुर्वेदिक सर्जन भगंदराचे पेशंट बरे करतात. युरोपात हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत दोऱ्याची पद्धत होती आणि चौदाव्या शतकात इंग्लंडमधल्या जॉन आर्डर्नने फक्त भगंदराच्या ऑपरेशनवर ग्रंथ लिहिला होता. म्हणजे ज्ञान नव्हतं असं कुणी म्हणू नये. ऑपरेशनमध्ये भीती दोन गोष्टींची, एक रक्तस्राव आणि सडणं, दुसरी म्हणजे गुदद्वार आवळून धरणारा स्नायू जास्त कापला गेला तर पेशंटचा शौचावरचा ताबा कायमचा जातो. राजाच्या बाबतीत हा दुसरा धोका म्हणजे काय असेल ते सांगायला नको, ज्याचं उठणं, कपडे घालणं, जेवणं सगळं शंभर माणसांसमोर होतं त्याचं.

आणि मग जे झालं तो भाग मला या केसमध्ये सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

राजा आजारी आहे ही बातमी बाहेर गेली की उपाय घेऊन येणाऱ्यांची रांग लागली. कुणी मलम आणलं, एका मठातल्या साधूने कसलंसं पाणी आणलं, कुणी म्हणालं पिरेनीज डोंगरातल्या बारेझच्या गरम झऱ्यांनी भगंदर बरं होतं. दरबारातली एक बाई म्हणाली की मी बूर्बों गावच्या झऱ्यांनी बरी झाले. राजा बारेझला जाणार असं मे महिन्यात जाहीरसुद्धा झालं आणि काही दिवसांतच रद्द झालं. कारण तोवर असं ठरलं होतं की राजावर काहीही करायच्या आधी ते दुसऱ्या कुणावर तरी करून बघायचं. दिओनिस लिहितो की भगंदर असलेली चार माणसं निवडून राजाच्या खर्चाने बारेझला पाठवली, सोबत एक हॉस्पिटलचा सर्जन दिला, तिथे ते पाणी त्यांना पाजलं, जखमेत सोडलं, आणि ती माणसं जशी गेली तशी परत आली. आणखी चार जण बूर्बोंला, तेही तसेच परत. मलमवाला, पाणीवाला, सगळ्यांना संधी मिळाली. लुव्वा हा राजाचा युद्धमंत्री आणि इमारतींचा प्रमुख, त्याने आपल्या ताब्यातल्या खोल्यांमध्ये पेशंट ठेवून घेतले आणि ज्याचा दावा असेल त्याने समोर येऊन बरं करून दाखवावं अशी सोय केली. एकही बरा झाला नाही.

आता हे १६८६ साल आहे. औषधाची ट्रायल घेऊन बघायची रीत अजून रूढ झालेली नव्हती, फॅकल्टीत गेलनने काय लिहिलं यावर वाद संपायचा, आणि इथे एका राजाच्या दुखण्यामुळे लोकांनी चार-चार पेशंटचे गट करून, एकाच आजारावर वेगवेगळे उपाय लावून, बाहेरच्या माणसाच्या देखरेखीखाली निकाल बघितला आणि जे चाललं नाही ते बाजूला टाकलं. मला याचं खरोखर आश्चर्य वाटतं. यात त्रुटी ढीगभर आहेत, पण दाव्याला पेशंटच्या जखमेवर तपासायचं हे सर्जन लोकांच्या धंद्यातून आलेलं वळण आहे. पुस्तकात बरोबर असणं आणि जखम भरणं यातली दुसरी गोष्ट ज्याला रोज डोळ्यांनी बघावी लागते तो असाच विचार करणार.

या सगळ्यात उन्हाळा गेला. बाहेर परिस्थिती अशी की जुलैमध्ये जर्मन संस्थानं, पवित्र रोमन सम्राट, स्पेन, स्वीडन यांनी मिळून लुईच्या विरोधात ऑग्सबर्गची आघाडी केलेली, राजा मरायला टेकलाय अशा अफवा युरोपभर. निर्णय अजून लांबवणं शक्य नव्हतं. बेसिएर नावाच्या पॅरिसच्या नामांकित सर्जनला बोलावलं, त्यानेही तपासून तेच सांगितलं, कापल्याशिवाय बरं होणार नाही. आणि लुईने ऑपरेशनला होकार दिला.

फेलिक्सने त्याआधीचे काही महिने तयारीत घालवले होते. राजावर करण्याइतका हात या ऑपरेशनवर बसलेला नव्हता हे त्याला माहीत होतं, म्हणून तो पॅरिस-व्हर्सायच्या हॉस्पिटलांमधल्या भगंदराच्या पेशंटवर ऑपरेशन करत राहिला. हे पेशंट म्हणजे गरीब माणसं. त्या काळात हॉस्पिटल ही धर्मादाय जागा, ज्याच्याकडे घरी सर्जन बोलवायला पैसे आहेत तो तिथे जायचाच नाही. काहींना यातून नक्कीच फायदा झाला असेल, आजार खरा होता आणि ऑपरेशन योग्य होतं, पण कुणाचा स्नायू कापला गेला, कुणाची जखम सडली, कोण गेलं, हे राजाच्या तब्येतीच्या वहीत नाही. राजाने किती वाजता सूप घेतलं ते आहे. ज्यांच्या अंगावर फेलिक्सचा हात तयार झाला त्यांची नावं आपल्यापर्यंत आली नाहीत, आणि ही केस लिहिताना त्यांना पहिल्या पानावर जागा मिळायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, कारण राजाला जे बरं केलं ते त्यांच्यावर शिकून केलं. त्यांची संमती कुणी विचारली असेल असं मानायला काहीही आधार नाही.

हत्याराबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण यात कारागिराचं डोकं दिसतं. भगंदर उघडायला वाकडी सुरी जुन्या काळापासून होती. अडचण ही की आधी बोगद्यात सळी घालून वाट शोधायची, मग सळीवरून सुरी घालायची, आणि सुरी आत जाताना तिची धार जिथे नको तिथे लागते, पेशंट कळवळून हलतो, वाट चुकते. फेलिक्सने दोन्ही एकत्र केलं. लांब, वाकडं, अरुंद पातं, त्याच्या टोकाला लवचिक चांदीची बारीक सळी जोडलेली, आणि पात्याच्या धारेवर चांदीचं पातळ आवरण. सळी बाहेरच्या तोंडातून आत घालायची, दुसऱ्या हाताचं बोट गुदमार्गात, सळीचं टोक आतल्या तोंडातून बोटाला लागलं की ते वळवून गुदद्वारातून बाहेर आणायचं. आता बोगदा आणि गुदमार्ग यांच्यामधलं सगळं मांस पात्याच्या वळणात आलं. मग आवरण काढून घ्यायचं, दोन्ही टोकं धरून ओढायचं, आणि एका झटक्यात बोगद्याचं छत उघडं. धार जखमेला लागते ती फक्त कापायच्या क्षणी. या हत्याराला पुढे राजाची बिस्तुरी असं नाव पडलं आणि ते आजही पॅरिसच्या वैद्यकीय इतिहासाच्या म्युझियममध्ये ठेवलेलं आहे. हे डिझाइन पुस्तकातून येत नाही. कुठे हात अडतो, पेशंट कधी हलतो, कुठल्या क्षणी वेळ जातो हे पुन्हा पुन्हा करून बघितलेल्या माणसालाच असं सुचतं.

१८ नोव्हेंबरला सकाळी सातच्या सुमारास ऑपरेशन झालं. गुपित इतकं पाळलं होतं की राजपुत्रालाही माहीत नव्हतं, तो शिकारीला गेला होता आणि कळल्यावर घोडा पळवत आला. खोलीत मोजकी माणसं. मादाम द मँतनों, जिच्याशी राजाने काही वर्षांपूर्वी गुपचूप लग्न केलं होतं, लुव्वा, पापनिवेदन ऐकणारे पाद्री ला शेझ, दाकँ, दुसरा फिजिशियन फागों, फेलिक्स, मदतीला बेसिएर, आणि औषधं बनवणारे अपॉथेकरी. राजाला पलंगाच्या कडेवर पालथं झोपवलं, पोटाखाली लोड, खिडकीकडून उजेड येईल असं वळवलं, दोन अपॉथेकरींनी पाय फाकवून घट्ट धरले. भूल नाही, कसलंही जंतुनाशक नाही. नोंदींप्रमाणे बिस्तुरीने दोनदा कापलं आणि कात्रीने आठदा, म्हणजे बोगदा उघडल्यावर कडांचं निबर झालेलं मांस कापून जखम बशीसारखी उघडी केली. राजाच्या तोंडून एकदा अरे देवा एवढं निघालं, बाकी तो बोलला नाही. जखमेत तेल-मलम लावलेली कापडाच्या धाग्यांची वात भरली आणि बांधलं. तासाभराने फिजिशियन लोकांनी नियमाप्रमाणे दंडातून रक्त काढलं. ज्याच्या अंगातून एवढं रक्त आताच गेलंय त्याचं आणखी रक्त काढायचं, आणि ते पुस्तकाप्रमाणे बरोबर. त्याच संध्याकाळी लुईने मंत्र्यांची बैठक घेतली, दुसऱ्या दिवशी परदेशी वकिलांना भेटला. चेहऱ्यावर घाम होता असं लिहून ठेवलंय.

बहुतेक लोक ही गोष्ट इथे संपवतात, पण ज्याने भगंदराची केस जवळून बघितलीय त्याला माहीत असतं की खरी कसोटी यानंतर असते. जखम तळापासून भरत वर आली पाहिजे, वरच्या कडा आधी चिकटल्या की खाली पुन्हा पोकळी राहते आणि भगंदर परत. राजाच्या बाबतीत तेच व्हायला लागलं. डिसेंबरच्या सुरुवातीला फेलिक्सला परत कापावं लागलं, चिकटलेल्या कडा सोडवाव्या लागल्या, तेही एकदा नाही, आणि या वेळचं दुखणं पहिल्यापेक्षा जास्त होतं असं दिसतं. माझ्या मते फेलिक्सचं मोठेपण १८ नोव्हेंबरच्या सकाळपेक्षा या पंधरवड्यात जास्त आहे. पहिलं ऑपरेशन यशस्वी झालं म्हणून सगळीकडे आनंद चाललाय, आणि अशा वेळी राजाला सांगायचं की महाराज, बरोबर भरत नाहीये, पुन्हा कापतो. गप्प बसला असता तर एक-दोन महिने सगळं ठीक दिसलं असतं. जानेवारीत जखम पूर्ण भरली, राजा चालायला लागला, ३० तारखेला पॅरिसच्या नगरभवनात जाऊन जेवला. त्यानंतर तो १७१५ पर्यंत जगला, म्हणजे आणखी २८ वर्षं.

बक्षिसं मिळाली ती अशी. फेलिक्सला १,५०,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) आणि जमीन, पुढे उमरावपद. दाकँला १,००,०००. फागोंला ८०,०००. हुकूम देणाऱ्यापेक्षा हात चालवणाऱ्याला जास्त, हे फ्रान्सच्या दरबारात सगळ्यांनी बघितलं, आणि फॅकल्टीनेही बघितलं असणार.

लगेच एक लाटही आली. दिओनिस लिहितो की ज्यांना काही छोटंमोठं दुखणं होतं ते लोक, जे आधी लपवायचे, ते आता उघडपणे दाखवायला लागले, आणि ऑपरेशन करून द्या म्हणून त्याच्याकडे आलेल्या तीसेक जणांना त्याने सांगितलं की तुम्हाला ऑपरेशनची गरजच नाही, तर ते रागावले. लोक यावर हसतात, पण यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. भगंदर हा लाजेचा आजार, लोक वर्षानुवर्षं अंगावर काढतात, आपल्याकडे आजही काढतात. राजाला होतं आणि राजाने कापून घेतलं, एवढ्या एका गोष्टीने हजारो लोकांची लाज थोडी कमी झाली असेल.

आणि याच केसला जोडून आणखी एक मृत्यू आहे. राजा बरा झाल्याच्या आनंदात संगीतकार लुलीने ८ जानेवारी १६८७ ला पॅरिसच्या एका चर्चमध्ये आभाराचं मोठं गायन केलं. ताल द्यायला त्याच्या हातात जड काठी असायची, जमिनीवर आपटायची. ती त्याच्या पायाच्या बोटाला लागली, जखम चिघळली, गँग्रीन चढत गेलं. कापावं लागेल असं सांगितलं, त्याने नकार दिला. २२ मार्चला तो गेला. राजाची जखम वेळेत आणि पुन्हा पुन्हा कापली म्हणून राजा वाचला, आणि तो वाचला म्हणून झालेल्या गायनात लुलीला जखम झाली, त्याने कापू दिलं नाही म्हणून तो गेला, हे दोन्ही एकाच हिवाळ्यात.

राहिला प्रश्न संघाचा. एका ऑपरेशनने व्यवस्था बदलली असं लिहिणं सोपं आहे पण ते खरं नाही. दरबारात सर्जनची किंमत वाढली हे खरं, पण कागदावर सर्जन अजून अनेक वर्षं न्हाव्यांच्याच संघात होते आणि गावोगावी तर दाढी आणि नस्तर एकाच हातात राहिलं. १७०३ मध्ये फेलिक्स वारला, त्याच्या जागी आलेला जॉर्ज मारेशाल आणि त्याच्यानंतरचा ला पेरोनी, या दोघांनी राजाच्या जवळ असण्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. १७२४ मध्ये सेंट कोममध्ये पाच शिक्षकांची पदं मिळाली, फॅकल्टीचे लोक झगे घालून निषेधाला रस्त्यावर आले तरी. १७३१ मध्ये सर्जनची स्वतःची अकादमी निघाली. आणि २३ एप्रिल १७४३ च्या फर्मानाने पॅरिसचे सर्जन न्हाव्यांपासून कायमचे वेगळे झाले, इथून पुढे सर्जन व्हायचं तर आधी विद्यापीठाची मास्टर ऑफ आर्ट्सची पदवी हवी. लंडनमध्ये १५४० पासून एकत्र असलेला न्हावी-सर्जन संघ दोनच वर्षांनी, १७४५ ला फुटला.

या फर्मानाचं कौतुक करताना मला एक गोष्ट खटकते. सर्जनना मान मिळाला तो न्हाव्यांना मागे सोडून मिळाला. ज्या दुकानात बारा-तेरा वर्षांचं पोर सकाळी पाणी तापवायचं, दाढीचा साबण लावायचं, मालकाबरोबर जखमा धुवायला जायचं आणि हात चालवत चालवत शिकायचं, त्या दुकानाचा रस्ता लॅटिनमधून मिळवायच्या या पदवीच्या अटीने बंद झाला. सोळाव्या शतकात आंब्रवाझ पारे अशाच दुकानातून आला होता, लॅटिन येत नव्हतं म्हणून फ्रेंचमध्ये लिहायचा, आणि बंदुकीच्या जखमेत उकळतं तेल ओतणं चूक आहे हे त्याने रणांगणावर पेशंटची रात्रभर काळजी करून शोधून काढलं. १७४३ नंतर असा मुलगा पॅरिसमध्ये सर्जन झाला नसता. शिक्षण वाढलं ते चांगलंच झालं, अडाणी हाताखाली लोक मरत होते हे विसरून चालणार नाही, पण दार कुणाला बंद झालं तेही लिहायला हवं.

फिजिशियन आणि सर्जन यांच्यातली भिंत मात्र अजून उभीच होती. ती पडली फ्रेंच क्रांतीनंतर. जुनी फॅकल्टी आणि सर्जनची अकादमी दोन्ही बंद झाल्या, आणि डिसेंबर १७९४ मध्ये पॅरिस, माँपेलिए आणि स्ट्रासबर्ग इथे नव्या आरोग्यशाळा निघाल्या, त्यात फिजिशियनचं वैद्यक आणि सर्जरी दोन्ही एकाच विद्यार्थ्याला शिकवायचं ठरलं. पॅरिसच्या शाळेला जागा मिळाली ती सर्जन लोकांनी अठराव्या शतकात स्वतःसाठी बांधून घेतलेली इमारत, फॅकल्टीची नव्हे.